बंद समुद्रातला उजवा हातमोजा

सापारुआ बेट, मोलुक्का
ता. ३ सप्टेंबर १८५४

प्रिय इत्शेताईस,

धाकट्या फोल्कर्टचा, पाठीत उसण भरल्यामुळे अर्ध्यातच थांबलेला, पण मनापासून केलेला नमस्कार. मी इथे खुशाल आहे. (ताप येतो, पण इथे तो सगळ्यांनाच येतो, त्यामुळे त्याला आजार म्हणायची पद्धत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला आणि त्या खोकल्यावर ते घेत असलेलं जिनचं औषध, दोन्ही पूर्वीसारखंच जोरात असेल अशी आशा करतो. हार्लिंगनच्या बंदरात गेल्या हिवाळ्यात बर्फ लवकर धरला असं ऐकलं. इथे बर्फ हा शब्द मी एकदा लोकांना समजावून सांगायला गेलो, तेव्हापासून मी सांगितलेल्या इतर गोष्टींवरही कोणी फारसा विश्वास ठेवत नाही.

तुझी तिन्ही पत्रं एकाच जहाजाने मिळाली. पहिल्यात तू विचारलं आहेस, हातमोजा कुठे आहे. दुसऱ्यात विचारलं आहेस, फोल्कर्ट, हातमोजा कुठे आहे. तिसऱ्यात नुसतंच 'फोल्कर्ट!' आहे, आणि खाली कागद निबेने फाटला आहे. तुझा राग मला कळतो. दोन वर्षांपूर्वी मी सहीशिक्क्याचा कागद तुझ्याकडे पाठवला, की माझ्या वतीने दाजींनी पाद्रीबुवांसमोर उभं राहून आफकेशी माझं लग्न लावून घ्यावं. तो कागद तुझ्या कपाटात आहे. आता माझा उजवा हातमोजा तेवढा आला की दाजी तो माझ्या हाताच्या जागी धरणार, आफके त्याला हात लावणार, आणि मी इथे चिनी गिऱ्हाइकांसाठी समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीच्या आकाराचे समुद्रातले प्राणी, वाळत घालत असताना तिकडे आफकेचा नवरा होणार. मग आफके जहाजात बसणार. सगळं हातमोज्यावर अडलं आहे. तर तो हातमोजा कुठे आहे, हे मी सविस्तर सांगतो. जरा बैस, आणि दाजींनाही बसव.

प्रथम हे लक्षात घे की या बेटावर कातडी हातमोजा टिकवणं म्हणजे विस्तवावर लोणी ठेवणं. इथे बूट आठवड्यात हिरवा होतो. बायबलचा कातडी पुठ्ठा वाळवीने अर्धा खाल्ला. मजकूर सोडला, यावरून वाळवीची श्रद्धा किती ते कळतं. शिवाय हातमोजा घालायचा कशासाठी? इथे अंगात सदरा घातलेला माणूस आजारी आहे का असं विचारतात. पण मला हातमोजा लागतो, आणि तो माझ्या शंखांच्या नादापायी लागतो. (तू याला 'कालवं गोळा करणं' म्हणतेस, ते वाचून मला दर वेळी दुःख होतं.) निमुळत्या शंकूच्या आकाराची एक शंखाची जात इथल्या खडकांत सापडते. दिसायला इतकी देखणी की कपाटात मांडावी, पण आतला किडा जिवंत असला तर असा काटा मारतो की धरणारा माणूस चिलीम संपायच्या आत संपतो. म्हणून जाड कातडी हातमोजा. म्हणजे ताई, आफकेसाठी राखून ठेवलेला हातमोजा मी समुद्रात वापरला हे खरं, पण जीव वाचवण्यासाठी वापरला. मेलेल्या माणसाच्या हातमोज्याशी लग्न लावायला पाद्रीबुवा तयार झाले असते का, ते तूच विचारून पाहा.

हे शंख तसे मी शोधतो असं म्हणायची रीत आहे. शंखांचा अभ्यास करणाऱ्या तिकडच्या प्रोफेसरांना मी तसंच लिहितो. खरा प्रकार असा की याकोमिना नावाची इथल्या शाळामास्तरांची विधवा ओहोटीला पाण्यात उतरते, तासाभरात टोपलीभर शंख आणून माझ्या ओट्यावर ओतते, आणि मग मी त्यांतून एखादा उचलून त्याचा शोध लावतो. गेल्या वर्षी मी एक अगदी नवी जात शोधली, तेव्हा ती म्हणाली की माझी आजी याच शंखात तेल घालून दिवा लावायची. मी प्रोफेसरांना आजीबद्दल काही लिहिलं नाही.

तर मार्चमध्ये असं झालं की ओहोटीला मी किनाऱ्यावरून चाललो होतो आणि गुडघाभर पाण्यात मला तसलाच एक शंकू दिसला, पण उलटा वळलेला! ताई, देवाने घडवलेले हे सगळे शंख उजवीकडे वळतात. डावीकडे वळलेला लाखात एखादा. हा तिकडे पोहोचला असता तर त्याला माझं नाव मिळालं असतं, आणि वीरस्मा घराण्याचं नाव दुकानाच्या पाटीखेरीज आणखी कुठेतरी लिहिलं गेलं असतं. मी खिशातला हातमोजा चढवला, शंख उचलला, हातमोजा उलटा करून त्यातच शंख गुंडाळला आणि वळलो, तो समोर योसिआस सोपाकुआ उभा.

हा म्हातारा याकोमिनाचा बाप, आणि गावच्या समुद्राचा राखणदार. इथे वर्षातले काही महिने गाव आपला समुद्र बंद करतो. किनाऱ्यावर खांब रोवून त्याला नारळाच्या कोवळ्या झावळ्या बांधतात, त्याला सासी म्हणतात. झावळी सुटेपर्यंत त्या पाण्यातलं काही काढायचं नाही, मासळीला वाढू द्यायचं. मी ज्या खांबाला माझी छत्री टांगली होती, तो तोच खांब होता. मी सांगून पाहिलं की सासी मासळीवर आहे, बाजारात विकायच्या शिंपल्यांवर आहे, हा शंख तर कोणी खात नाही, उलट तोच माणसाला खातो. म्हातारा शांतपणे म्हणाला, "दार लावलेल्या घरात शिरून तुम्ही म्हणता, मी फक्त केरसुणी न्यायला आलो होतो. अहो तुआन, दार लावलंय ना?" (तुआन म्हणजे साहेब.) मग मी सांगितलं की मी युरोपियन व्यापारी आहे. तो म्हणाला, "ते दिसतंय. म्हणून तर दोनदा सांगितलं."

आता शिक्षा ऐक. (दाजींना इथे बाहेर पाठव, ते हसतील.) चोराने चोरलेली वस्तू गळ्यात बांधून गावभर फिरायचं, दर कोपऱ्यावर थांबून आपला गुन्हा ओरडून सांगायचा, आणि पुढे एकाने नगारा वाजवायचा. शंख जिवंत, त्याला हात लावायची कोणाची छाती नाही, म्हणून तो हातमोज्यासकट दोरीने बांधून माझ्या गळ्यात अडकवला. तुझ्या भावाच्या लग्नाच्या हातमोज्याची, ताई, अशी वरात निघाली. नगारा वाजवायला याकोमिना. मी पहिल्या कोपऱ्यावर म्हणालो, "मी बंद समुद्रातून चोरी केली." एक म्हातारी दारातून ओरडली, "मोठ्यानं बोला की, तुआन! आमच्या सासूला ऐकू येत नाही." मी मोठ्याने बोललो. दुसऱ्या कोपऱ्यावर कोणी म्हणालं, काय चोरलं तेही सांगा. तिसऱ्यावर, पुन्हा करणार नाही तेही सांगा. चौथ्या कोपऱ्यापर्यंत माझं भाषण चांगलं बसलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रोफेसरांच्या मंडळात निबंध वाचल्यावर लोक असेच टाळ्या वाजवतील अशी माझी कल्पना होती. फक्त तिथे डुकरं मागे लागत नसावीत.

शेवटी म्हाताऱ्याने होडी काढली आणि शंख जिथला तिथे ठेवून दिला, हातमोज्यासकट. त्याचं म्हणणं, समुद्राच्या वस्तूला जे गुंडाळलं ते समुद्राचं. मी ओरडलो की हातमोजा तरी द्या, त्यावर माझं लग्न अडलंय! पण माझा घसा बसला होता, आणि जे निघालं ते कोणाला कळलं नाही.

याकोमिनाला मात्र कळलं. तिने मला घरी नेऊन साबुदाण्याच्या पिठाची गरम खळ आणि आंबट माशाची आमटी दिली. (ही खळ चमच्याला चिकटते, मिशीला चिकटते, आणि इथे सहा वर्षं काढली की माणसालाच चिकटते.) मग विचारलं, हातमोज्याचं काय? मी सगळी रीत सांगितली. तिने पळी खाली ठेवली. "म्हणजे तुमच्यात नवरा नसला तरी चालतं, पण हातमोजा पाहिजे?" मी म्हणालो, हो. ती इतकी हसली की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली, तर तिलाही सांगितलं. मग दोघी हसल्या.

ताई, आता जे लिहितो ते वाचताना दाजींना खरंच बाहेर पाठव. त्या रात्रीपासून मी याकोमिनाच्या घरी रोज जेवायला जाऊ लागलो. जूनमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं. मला वाटलं होतं की तुआन विचारतो म्हटल्यावर बाई विरघळेल. तिने विचारलं, तो तिकडचा कागद फाडला का? मी म्हणालो, कागद असला तरी काय, हातमोजा तर गेलाच की. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर माझ्या दाराला नारळाची कोवळी झावळी! तिनेच बांधली होती. म्हणाली, "तुमच्यावर त्या बाईची सासी आहे. बंद असलेलं मी घेत नाही, आणि राखणदाराची लेक आहे, दुसऱ्या कोणाला घेऊ पण देणार नाही." तेव्हापासून सगळं गाव मला बंद समजतं. कोणी जेवायला बोलवत नाही. कोळणी मासे लांबूनच टाकतात. म्हातारा योसिआस दर रविवारी चर्चहून येताना झावळी नीट आहे का बघून जातो.

मला वाईट वाटतं ते आफकेचं. ती चांगली मुलगी आहे, आणि माझ्यासाठी तिने इतकी वर्षं घालवली. पण ताई, मी तिचा चेहरा आठवायला जातो तेव्हा फक्त बर्फावर घसरताना लाल झालेले कान आठवतात. शंभर शंखांच्या रेषा मला तोंडपाठ आहेत आणि जिच्याशी लग्न करायचं तिचे डोळे निळे की राखाडी हे सांगता येत नाही. याची मला लाज वाटते. याकोमिनाचे डोळे मला सांगता येतात, ते बहुतेक वेळा मला हसत असतात. तिच्यावाचून मला आता करमत नाही, एवढं साधं आहे.

दाजींना नमस्कार, पाद्रीबुवांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
फोल्कर्ट वीरस्मा

ता. क. : हवापाण्याचं लिहिता लिहिता मुख्य काम राहून गेलं. कपाटातला तो कागद फाडून त्याचे तुकडे पुढच्या जहाजाने पाठवून दे. तुकडेच पाठव, नुसतं 'फाडला' असं लिहू नकोस. इथे ते तुकडे दाराशी दाखवल्याशिवाय झावळी सुटायची नाही. आणि आफकेकडे तू स्वतः जा. पत्र पाठवू नकोस, पत्राने भ्याडपणा करायचं काम मी केलेलंच आहे.

दुसरा ता. क. : जुलैअखेर समुद्र उघडला तेव्हा याकोमिनाला हातमोजा सापडला. त्यात खेकड्याने बिऱ्हाड केलं होतं. त्याला बाहेर काढून आता शंकू उचलायला तीच तो वापरते. उलटा शंख कुठल्या खडकाखाली आहे तेही तिला ठाऊक आहे, पण तुकडे आल्यावर दाखवीन म्हणते. मी शंखासाठी लग्न करतोय असं समजू नकोस. आफकेला मात्र तसंच सांग, तिला ते पटेल.

शेवटचा ता. क. : तुझ्याशी खोटं बोलून झोप येणार नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे पहिल्यापासून हातमोज्यांचे दोन जोड होते. दुसरा जोड कापूर घालून पत्र्याच्या डब्यात दोन वर्षं जसाच्या तसा पडून आहे. तो मी कधीही पाठवू शकलो असतो. दाजींना थंडीत उपयोगी पडावेत म्हणून या पत्रासोबत दोन हातमोजे पाठवतो आहे. दोन्ही डाव्या हाताचे आहेत. उजवा पाठवत नाही. तुझा भरवसा नाही.