अक्रोडाचं दूध

वालेया मोरी, मार्च

प्रिय लुमिनिता,

हात थकलेत, अक्षर वाकडंतिकडं येईल, चालवून घे. गाय बरी आहे. अंगणातला बर्फ अजून हटत नाही. तुझ्या इलिंकाचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, हाड जुळतंय. पडवीच्या पायऱ्यांवरून पडली, दोनच पायऱ्या. एवढ्याशा पडण्यानं पाच वर्षांच्या पोरीचं हाड कसं मोडलं, हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहिते.

गेल्या ईस्टरला तू येते म्हणालीस आणि आली नाहीस. सणाची रंगवलेली अंडी आईबरोबरच फोडायची म्हणून इलिंकानं कुणाला फोडू दिली नाहीत. वास यायला लागला तेव्हा मीच फेकली. त्याच आठवड्यात मी नवस बोलले, तू घरी येईपर्यंत उपवास सोडायचा नाही. दूध, अंडी, मांस बंद. लहान मुलांना उपवास नसतो हे मला काय ठाऊक नाही? पण पोर म्हणाली, "आजी, मी पण करते, म्हणजे आई लवकर येईल." मला भरून आलं. मी हो म्हटलं.

मग रोज अक्रोड भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. माझ्या आईनं उपवासात आम्हाला हेच पाजलं, काही झालं नाही. पण तिचे उपवास कधीतरी संपायचे, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. तू इटलीहून सोयाच्या दुधाचे डबे पाठवलेस, तर डब्यातलं दूध कोण पितं म्हणून मी ते कपाटात कोंबले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी खाते काय? मी ऐटीत सांगितलं, रोज दोन पेले अक्रोडाचं दूध, घरचं. त्या म्हणाल्या, "आजी, चोथ्याचं काय करता?" म्हटलं, कोंबड्यांना घालते. "मग कोंबड्या धडधाकट असतील. पोरीला तुम्ही पांढरं पाणी पाजलंत." हाडांना लागणारं कॅल्शियम त्यात नावालाच, प्रथिनं थोडी, बी-बारा तर नाहीच. तू पाठवलेल्या डब्यांत कॅल्शियम वरून घातलेलं होतं, प्रथिनंही गाईच्या दुधाच्या जवळपास. गोठ्यात गाय, कपाटात डबे, आणि नात अशी वाळलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

फादर इरीमियांनी घरी येऊन मला नवसातून मोकळं केलं. इलिंकासमोर, ईस्टरआधीच्या ऐन उपवासाच्या दिवसांत, ते स्वतः घोटभर दूध प्यायले. मिशीला साय लागली, तरी ती हसली नाही. ओठ घट्ट मिटून बसली. डब्यातलंही नको म्हणते, ते पण दूधच ना. मी रागावले, रडले, हात जोडले. तिचं एकच, "मी प्यायले तर आई येणार नाही."

म्हणून हे पत्र. तू या ईस्टरलाही येणार नाहीस, हे तुझ्या आवाजावरून मला केव्हाच कळलंय. का, ते मी विचारत नाही. पण रविवारी फोन करशील तेव्हा 'येते' म्हणू नकोस. तिला स्पष्ट सांग, "मी येत नाहीये, आणि त्यात तुझी काही चूक नाही." ती रडेल, मी धरून बसेन. नवस माझा होता लुमिनिता, उपाशी ती राहते आहे. तिला सोडव.

दमलेली, तरी तुझीच,
आई