उजव्या बाजूचा माणूस

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४

पोचले. वाशीमहून सकाळची एसटी, किन्हीराजाच्या फाट्यावर उतरून पुढे पाऊण तास बैलगाडी. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, वारा पश्चिमेचा आणि मंद. मन प्रसन्न आहे. सहा महिने मुंबईत टेबलामागे बसवून ठेवल्यावर शेवटी एक विमान हाती आलं, मग ते माळावर अडकलेलं का असेना.

चव्वेचाळीस आसनी, दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांची, इंजिनं, शेपटीत एक छोटं सहायक इंजिन. त्याला आम्ही एपीयू म्हणतो. मोठी इंजिनं सुरू करायला लागणारी वीज ते पुरवतं. सप्टेंबरात इंधनात पाणी आढळल्यामुळे कॅप्टनने ते इथल्या जुन्या पट्टीवर उतरवलं; ही पट्टी पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांसाठी केलेली. प्रवासी सुखरूप घरी गेले. पण उड्डाणाला पट्टी आखूड पडते, म्हणून ती वाढवण्याचं काम चालू आहे. तोवर दर मंगळवारी इंजिनं चालवायची, नाहीतर ती आतून गंजतात. हे माझं काम. अठ्ठावीस तारखेला कॅप्टन येईल, मी सहवैमानिक म्हणून बसेन, आणि ह्या विमानाची नोंद माझ्या परवान्यावर होईल. कंपनीत आजवर कोणा बाईची झालेली नाही.

मेकॅनिक उदयसिंग पन्नाशीचे, कमी बोलणारे. खाली उभं राहून खुणा करायला गावातला पुंजाजी, वय वीस-बावीस. माझी खोली त्याची वहिनी अंजनाबाई हिच्या घरात. खोली स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंजनाबाईने विचारलं, ते इंजन तूच चालवशीन का? मी हो म्हटलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सकाळी सातला पहिली चाचणी. आधी एपीयू: झडप उघडली, कळ दाबली, वेग पंच्याण्णव टक्क्यांवर स्थिर, जनरेटर जोडला. मग उजवं इंजिन. दार डावीकडे असल्यामुळे उजवं नेहमी आधी. नियम असा की खालचा माणूस दोन बोटं वर करून हवेत वर्तुळ काढतो, उजव्या खुर्चीतला माणूस ती खूण पाहून ‘राईट क्लियर’ म्हणतो, आणि त्यानंतरच इंजिन फिरवायचं. उदयसिंग उजवीकडे होते. त्यांनी शब्द उच्चारला, पण मान वर केली नाही. नजर गुडघ्यांवर होती.

इंजिनं उत्तम. तापमान, तेलाचा दाब, सगळं मर्यादेत. बोलायला हवं, पण पहिल्याच दिवशी नको.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

दुकानदार म्हणाला घासलेट संपलं. माझ्यामागच्या माणसाला बाटली भरून दिली. पट्टीवर माती वाहणाऱ्या बाया मी जवळून गेले की टोपली खाली ठेवतात. एकीने मोठ्याने विचारलं, पायलटीनबाई, आता कोनाचा नंबर हाय? कोणी हसलं नाही. प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही आणि मी विचारला नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज उजव्या खुर्चीत मी बसले. उदयसिंगांना ते आवडलं नाही.

उजव्या पंख्यासमोर, पाचेक मीटरवर, माणूस उभा होता. डोक्याला पांढरं फडकं. उजवा हात वर, दोन बोटं, मग वर्तुळ. खूण बिनचूक. मी इंजिन सुरू केलं. आठव्या सेकंदाला पुंजाजी दिसला, डाव्या काचेतून. आग विझवायचं नळकांडं घेऊन तो तिकडे उभा होता. मी पुन्हा उजवीकडे पाहिलं. तिथे फक्त गवत होतं, वाऱ्याने आडवं झालेलं.

इंधन तोडल्यावर डावा पंखा सत्तर सेकंदांत थांबला. उजवा एकशे पंधरा.

उदयसिंग म्हणाले, मॅडम, आपला खालचा आदमी एकच आहे. तिकडे बघत जाऊ नका. मग तुम्ही राईट क्लियर कशावरून म्हणता, असं मी विचारलं. ते पाना पुसत राहिले.

बुधवार, १३ फेब्रुवारी

विमानाची नोंदवही वाचली. मंगळवार, २० नोव्हेंबर: उजव्या पंख्याचं एक पातं बदललं. कारण: दगड. उभ्या विमानाचं पातं बदलावं लागेल इतका मोठा दगड उडून लागण्याची शक्यता मी मोजून पाहिली. फार कमी.

संध्याकाळी भाकरी वाढताना अंजनाबाईला विचारलं. ती चुलीकडे तोंड करून म्हणाली, दगड नव्हता. माहा मालक होता.

ग्यानबा. पुंजाजीचा थोरला भाऊ, आधीचा खूण करणारा. आयुष्यभर बैल हाकलेले. बुजऱ्या बैलाकडे मागून जायचं नाही, समोरून जायचं, त्याला आपण दिसलो पाहिजे, हात आधी कपाळाला लावायचा. कंपनीने त्याला अर्ध्या दिवसात बोटांच्या खुणा शिकवल्या. फिरता पंखा दिसत नाही, पलीकडचं आभाळ आरपार दिसतं, हे कोणी सांगितलं नाही. खूण करून झाल्यावर तो समोरून चालत गेला आणि हात पुढे केला. उदयसिंग आत होते आणि खाली पाहत होते.

मी तिला पंख्यासमोर दिसलेल्या माणसाबद्दल सांगितलं. तिने एकच विचारलं, हात कोनता? उजवा, मी म्हटलं.

ती म्हणाली, थो डावरा होता. भाकर बी डाव्याच हातानं मोडे. थो ग्यानबा नाही, बाई. ज्यानं त्याले खाल्लं, ते हाय थे.

खोली मला का दिली, असंही विचारलं. थे इंजन चालोनाऱ्याचं तोंड पाहाचं होतं मले, ती म्हणाली.

सोमवार, १८ फेब्रुवारी

काम थांबवण्याचा विचार केला. कारण काय लिहिणार? ‘गवतात माणूस दिसला’ असं लिहिणाऱ्या बाईला कोणी विमान देत नाही. उपाय केला: पंख्यापासून दहा मीटरवर चुन्याची रेघ. पुंजाजी रेघेमागे उभा राहील. रेघ ओलांडायची नाही. त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

पुंजाजीने रेघेमागून खूण केली. मी सुरू केलं. वेग स्थिर झाला तेव्हा रेघेच्या अलीकडे तो दुसरा उभा होता, पाठ माझ्याकडे, तोंड पुंजाजीकडे. उजव्या हाताने बोलावत होता. पुंजाजीने रेघ ओलांडली.

इंधन तोडलं. पंखा थांबेना. साठ सेकंद. एकशे वीस. दोनशे चाळीस सेकंद इंधनाशिवाय फिरत राहिला. पुंजाजी पंख्यापासून दीड पावलावर थांबला, तेही पाय अडखळून पडला म्हणून.

खाली उतरले तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. म्हणे, दादा बलावून राह्यला होता. तुमाले दिसला ना, मॅडम?

मी नाही म्हटलं.

हे खोटं होतं. का बोलले ते नक्की सांगता येईल: तो गावभर सांगेल, गाव कंपनीला, आणि अठ्ठावीस तारीख जाईल.

बुधवार, २० फेब्रुवारी

उदयसिंग पहाटेच्या गाडीने निघून गेले. किल्ल्या माझ्या उंबऱ्यावर.

पुंजाजीला खरं सांगायला गेले. दिसला होता, पण तो तुझा भाऊ नव्हता, हात उजवा होता. तो हसला. काल म्हने दिसला नाही, आज म्हने हात दिसला. कायले फसोता, मॅडम?

अंजनाबाईनेही समजावलं. तो तिला म्हणाला, तुले नाही बलावलं म्हनून जळतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

सकाळी अकरा. एपीयूचा आवाज, घरापर्यंत. किल्ली माझ्या कमरेला. धावत गेले. बंद. धुराच्या नळीला हात लावला — भाजला. तासांचं मीटर चार दशांश पुढे.

पुंजाजी रेघेवर बसला होता. चुना पायाने पुसलेला.

शनिवार, २३ फेब्रुवारी

कंपनीला तार केली: चाचणी बंद, विमान नेऊ नये. माझी नोंद गेली. जाऊ दे. हा मुलगा राहिला पाहिजे, बाकी काही नको.

उत्तर: वेळापत्रकाप्रमाणे करा.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दोन्ही बॅटऱ्या काढल्या. गाडीत घालून अंजनाबाईच्या घरी आणल्या. बॅटरीशिवाय एपीयू सुरू होत नाही. एपीयूशिवाय इंजिन नाही. ही श्रद्धा नाही, हे विजेचं गणित आहे.

पुंजाजीला तिने घरात ठेवलं आहे. तो जेवत नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

सात वाजता आवाज. बॅटऱ्या माझ्या डोळ्यांसमोर, जमिनीवर. पुंजाजी घरात नाही.

विमानात आहे, वही हातातच राहिली. माळावर कोणी दिसलं नाही म्हणून आधी वर चढले, एपीयू तोडायला. कळ बंद आहे. पंच्याण्णव टक्के. दार मागे लागलं. उघडत नाही.

उजवं इंजिन फिरतंय. दहा टक्के — अठरा — पेटलं. इंधनाचा दांडा बंदच आहे. दोन्ही हातांनी ओढला —

पुंजाजी. गवतातून. समोरून येतोय.

काच ठोकली. ऐकू जात नाही. हात आडवे केले, बघत नाही. आठ मीटर. त्याला वाचता येतं. पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात —

काचेला लावलं. थांबला. वाचतोय.

थांबला.

मी लिहिलं: ‘मी खोटं बोलले. तो दिसला होता. ग्यानबा डावरा होता.’ त्याने स्वतःचा डावा हात वर धरून पाहिला. मग समोर पाहिलं. आता मागे सरतोय. एक पाऊल, दोन. पळाला. पुसलेल्या रेघेच्या पलीकडे. अंजनाबाईने त्याला धरलंय. मिठीत धरलंय. बरं झालं —

दोघंही माझ्याकडे बघतायत. माझ्याकडे नाही. शेजारच्या खुर्चीकडे.

डावंही पेटलं. वेग वाढतोय. वेगाचे दांडे आपोआप पुढे — आपोआप नाही, त्यांच्यावर बोटं —

चाकांचे ब्रेक सुटले. पट्टी अजून तीनशे मीटर कमी आहे, मी मोजली आहे, तीनशे —