शिवशरण हजर

२ नोव्हेंबर २००६
नोकरी लागली! मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर तीन टेबलांचं ऑफिस, आणि दारावरची पाटी मात्र अशी की अख्खी पेठ आमचीच. मालक तात्यासो आमच्यातलेच, जैन. म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवायला सोडणार, ही पहिली सोय. फोन त्रिशला घेते. ती हसली की पलीकडचा शेतकरीही ओरडायचा थांबतो. चहा शांतव्वांकडं. त्या मला ‘पावणं’ म्हणतात, नवा आहे म्हणून असेल.

काम ऊसतोडीच्या पाळीचं. कुणाच्या फडात टोळी कधी येणार, हे शेतकऱ्यानं गावातल्या नेट कॅफेत बसून आमच्या वेबसाइटवर बघायचं. आई नेसरीहून फोनवर म्हणाली, आता आपल्या फडाची पाळी तेवढी लवकर लाव की. तिला वाटतं पाळी मीच लावतो. मी नुसती दाखवतो, पण तिला सांगितलं नाही. आईसमोर थोडं मोठं व्हायला काय हरकत आहे?

सर्व्हरवर माझं खातं उघडून रोजनिशी तिथंच टाइप करतोय. इथं कोण वाचायला येतंय.

६ नोव्हेंबर
भारनियमन. खाली गिरणीचा आवाज थांबला की लाईट गेली समजायचं. आमचा यूपीएस त्यानंतर लगेचच मान टाकतो. पण लाईट आली की सर्व्हर उठतो आणि कुणी बोट न लावता पाळीचा प्रोग्रॅमही उठतो. ही करामत माझ्या आधीच्या शिवशरणची. त्यानं तो सर्व्हिस म्हणून बसवलाय: माणूस खुर्चीत असो वा नसो, त्याच्या नावावर काम चालू. उठला की पडद्यावर ओळ येते, ‘शिवशरण हजर’. शाळेतल्या हजेरीसारखी.

गेल्या हंगामात बिद्रीकडून येताना त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. जागीच गेला. शांतव्वा त्याची आई. तात्यासोंनीच त्यांना इथं बोलावून घेतलं. ती ओळ आली की त्या पहिला कप सर्व्हरपुढं ठेवतात, वर बशी झाकून. निवला की गुलबक्षीच्या कुंडीत ओततात. बाकीच्यांचा चहा त्यानंतर.

१४ नोव्हेंबर
‘शिवशरण असता तर’ हे या ऑफिसचं ब्रीदवाक्य आहे. गडहिंग्लजकडच्या गावांची पाळी उलटसुलट दिसत होती, आठवडाभर मान मोडून सरळ केली. तात्यासो म्हणाले, पाया शिवशरणचा हाय, म्हणून वर मजला चढतोय की. त्रिशलाच्या खणात त्याचा फोटो आहे. खडूस दिसतो. नाही, देखणा दिसतो, खोटं कशाला लिहू.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. मी राबतो आणि पहिला चहा त्याला! जळतो मी त्याच्यावर. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर
कुणाला न सांगता सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. त्याच्यापेक्षा चपळ. माझ्या नावानं सर्व्हिस म्हणून बसवला आणि वर हुकूम दिला: बंद पडला तर आपोआप परत उठव. त्याचा मुळासकट पुसला. लाईट आली आणि ओळ आली, ‘अरिहंत हजर’.

वाटलं होतं पाठीवर थाप पडेल. तात्यासोंनी चष्मा लावला, वाचलं, काढला. त्रिशला उठून बाहेर गेली. शांतव्वा किटली धरून उभ्या होत्या; विचारत होत्या, माझं पोरगं कुठं गेलं. मी म्हटलं, तो नुसता प्रोग्रॅम होता. त्यांनी तरीही कप ठेवला. त्याच्याच नावानं ठेवला!

माझं डोकं फिरलं. त्यांची पाठ वळताच बशी काढली आणि तो चहा घटाघटा पिऊन टाकला. मागं वळून पाहिलं तर त्या दारातच. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘पावणं, दुसऱ्याच्या वाटचं प्यालासा. आता त्येची जागाबी घ्याय लागंल.’

२९ नोव्हेंबर
लाईट आली. दोन ओळी आल्या.
शिवशरण हजर.
अरिहंत हजर.
वर तो, खाली मी. सगळी डिस्क धुंडाळली. त्याचा प्रोग्रॅम कुठंही नाही. नसलेला प्रोग्रॅमही माझ्या आधी उठतो! शांतव्वा गालात हसत होत्या.

४ डिसेंबर
लाईट गेली तेव्हा मी जिन्यात होतो. आली तेव्हा खुर्चीत. समोर रिकामा कप. त्रिशला पोट धरून हसत होती, माझ्याच कुठल्या तरी बोलण्यावर. म्हणाली, किती दिवसांनी असा बोललास. असा म्हणजे कसा? मी तिला आजवर कधी हसवलेलं नाही.

मधलं काहीच आठवत नाही.

७ डिसेंबर
रोज तेच. लाईट गेली की मी नसतो आणि माझ्या अंगात कुणीतरी असतं. आज भानावर आलो तर तात्यासोंचा हात माझ्या पाठीवर. म्हणत होते, शाब्बास रे वाघा! ज्या शाब्बासकीसाठी तडफडलो ती माझ्याच पाठीवर पडली, आणि घेतली त्यानं. आरशात पाहिलं. कपाळावर विभूती, त्याच्या फोटोतल्यासारखी. बोटं शांतव्वांची असणार.

माझ्याच पाठीवर जळतोय मी. माझ्याच तोंडावर.

९ डिसेंबर
नोकरी गेली खड्ड्यात. काल पिशवी भरून स्टँडवर गेलो, गाडीत बसलो, गाडी सुटली आणि — इथं. पडद्यासमोर. नेसरीला कोण पोचलं?

आईचा ऑफिसात फोन आला. स्पीकरवर त्रिशलाला सांगत होती, काल आलता, माझ्या पायाशी बसून भाकरी खाल्ली, एवढा मायेनं कधी बोलला न्हाय बघ. असाच येत जा म्हणावं.

असाच. म्हणजे तो.
आईसुद्धा घेतलीस?

१२ डिसेंबर
लाईट आली. टाइप होतंय, पण बोटं दिसत नाहीत. समोर खुर्ची दिसते. पडद्याच्या आतून दिसावी तशी. खुर्चीत तो. माझा निळा शर्ट. माझे केस, भांग मात्र दुसरीकडं.

आता एकच ओळ येते. अरिहंत हजर. त्याची कशाला येईल? तो बाहेर आहे.

बंद पडला तर परत उठव — मीच लिहिलं होतं. थांबव म्हणतो — कुणाला म्हणू — हुकूम माझाच —

१३ डिसेंबर
लाईट.
शांतव्वा. किटली. त्याच्या गालावरून हात फिरवला. मग इकडं आल्या. माझ्यापुढं कप ठेवला, वर बशी. म्हणाल्या, घे पावणं, तुझ्या वाटचा.

पहिला कप. सगळ्यांच्या आधी, माझा. एवढ्यासाठीच जळत होतो — बशीच्या कडेनं वाफ येते — पिता येत नाही —

फोन वाजला. नेसरी. तो उचलतोय. माझ्या आवाजात ‘आई’ म्हणाला. ती हसली. मला ऐकू येतंय, ती हसतेय —

आई, तो मी नव्हे. आई, मी इथं आहे, लाईट जायच्या आत कुणीतरी तिला सांगा, मी — खाली गिरणी थां