निऱ्यांतला डाग

६ एप्रिल १९८३
समोरच्या वैजयंतीची आज पुन्हा नवी साडी! दोन महिन्यांतली चौथी. नवऱ्याची गिरणी संपात बंद, ही बालवाडीत शिकवते, आणि रोज सकाळी जिना उतरते ती जशी काही लग्नालाच निघालीय. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वाकून बघून घेतलं. जळले! खोटं कशाला लिहू?

९ एप्रिल
कहर झाला. हे महाप्याला कंपनीत निघाले होते, जिन्यात ती भेटली. आणि हे — बायकोने नवीन बांगड्या भरल्या तरी आठ दिवस ज्यांना पत्ता नसतो — चक्क म्हणाले, "वहिनी, साडी छान आहे हो!"

मी दारातच. बघते तर काय, मोरपंखी जॉर्जेट, काठाला बारीक पांढरी फुलं. माझी साडी! ह्यांनीच लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दादरहून आणलेली. सहा वर्षं नेसले, एकदा म्हणून छान म्हणाले नाहीत. निऱ्यांवर इस्त्रीचा तिकोनी डाग पडला म्हणून थंडीत बोहारणीला दिली. वर ह्यांच्या दोन पँटी टाकल्या आणि कडीचा डबा घेतला.

आता तीच हिच्या अंगावर. आणि ह्यांना ओळखूही येत नाही!

१० एप्रिल
डबा मेला रोज समोर दिसतो. आज डाळ काढताना कडीत बोट चेमटलं.

१२ एप्रिल
रखमा बोहारीण आली. दारात बसून भांडी मांडली. मला एक पातेलं आवडलं होतं, त्यावरची नजर काढली नाही. ह्यांचे दोन शर्ट पुढे केले. मग सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, समोरची तुझ्याकडून साड्या घेते ना?"

"कुनाचं नाव मी कशाला सांगू बाई?"

"म्हणजे घेते!"

"शाळंत जायला नीटनेटकं नेसावं लागतं. मानसाला लाज असती. आनखी एक कपडा टाका, पातेलं न्या."

टाकला आणखी एक शर्ट. कळायचं ते कळलं.

१४ एप्रिल, पाडवा
ह्यांनी मला काही आणलं नाही. वैजयंती दारात रांगोळी काढत होती, तीच साडी. ह्यांनी जाता जाता बघितलं. बघितलंच! मी श्रीखंड कालवत होते, हात तिथेच थांबला.

पुढच्या शुक्रवारी चैत्राचं हळदीकुंकू करते. पहिलं बोलावणं तिलाच दिलं. "मोरपंखी नेसून ये हं, तुला फार खुलते." इतकं गोड बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

२२ एप्रिल
झालं हळदीकुंकू. आंबेडाळ, पन्हं सगळं चांगलं झालं होतं. आली ती मोरपंखी नेसूनच. दिसतही होती मेली छान. तळमजल्यावरच्या दुर्गाबाईंनी पदर हातात घेऊन विचारलं, "कुठून घेतलीस गं?"

"दादरहून," ती हळूच म्हणाली.

मी वाटच बघत होते. "दादरहूनच आहे ती. आमच्या ह्यांनी आणलेली. जुनी झाली म्हणून मी रखमाला दिली. दुर्गाबाई, निऱ्या उलगडून बघा, इस्त्रीचा डाग असेल!"

कुणी उलगडल्या नाहीत. तिचं तोंडच सांगत होतं. पन्ह्याचा पेला खाली ठेवून उठली. ओटीचं तबक घेऊन मी मागे गेले, तोवर तिचं दार लागलं होतं. सवाष्ण माझ्या घरातून ओटी न भरता गेली.

दुर्गाबाई एवढंच म्हणाल्या, "मीना, हे बरं नाही केलंस."

मला बरं वाटलं होतं. अर्धा तास असेल.

२३ एप्रिल
सकाळी ती स्वतः आली. साडी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. "कुणाची ते रखमाने सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर घेतली नसती." गेली. बालवाडीत जाताना विटकं सुती पातळ होतं अंगावर. हे म्हणाले, "वहिनींना बरं नाही का?" मी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

दुपारी साडी उलगडली. निऱ्यांपाशी डाग नाही. उलटी केली, खिडकीशी उजेडात धरून पदरापर्यंत सगळी हातांखालून घातली. डाग नाही! भाजलेलं कापड धुऊन थोडंच बरं होतं? अशाच रंगाची, अशीच फुलं. पण माझी नव्हे ही.

२४ एप्रिल
रखमाची वाट बघतेय.

२६ एप्रिल
आली. भांडी मांडायच्या आधीच विचारलं, "माझी मोरपंखी तू विकलीस कुणाला?"

"विकली न्हाई बाई. लई आवडली, मीच ठेवली. तुमच्या दारात यायचं म्हनलं की मुद्दाम तीच नेसते. तुमी कदी काय बोलला न्हाई, मला वाटलं राग आला."

उंबऱ्याशी बसली होती. मोरपंखी जॉर्जेट, गुडघ्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग.

वैजयंतीची साडी घेऊन दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवता आली नाही.