थोरला पडला, ढिम्म उभा आहे

१२ ऑक्टोबर
केंद्रावरची खोली, दुपार

ती. आईंना,
जावयाचा मनापासून नमस्कार.

तुम्ही पाठवलेली चादर मिळाली. रंग तुमच्या धाकटीला पसंत नाही, मला पसंत आहे, म्हणून ती सध्या माझ्या अंगावर असते. पाऊस ओसरलाय, पण ओल इतकी की कपाटाच्या दाराला पालवी फुटायची तेवढी बाकी आहे. जीपचा क्लच बदलला. तुमचे गुडघे कसे आहेत?

गुडघ्यांवरून आठवलं. फोनवर मी ‘तिचा पाय मुरगळलाय’ म्हणालो होतो ना, तो मुरगळलेला नाही. मोडलाय. शिव्या घालायच्या आधी पुढचं वाचा. हाड नीट बसलंय, प्लॅस्टर चढलंय, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात ती चालेल, चढणसुद्धा चढेल. आत्ता ती समोर उशीला टेकून बसलीय आणि मी काय लिहितोय ते बघायला मान लांब करतेय. माझा जीव भांड्यात पडलाय, म्हणून तर लिहायला बसलो.

आता कसा मोडला ते. तिचं काम तुम्हाला ठाऊकच आहे: या जंगलात कुठलं झाड किती वाढलं आणि का वाढलं, ते शोधायचं. ओढ्याकाठचं झाड चढावरच्या झाडाहून लवकर जाड होतं, वेलींनी लपेटलेलं मागे पडतं, कोरड्या दिवसांत खोड चक्क थोडं आक्रसतं, असं ती जेवताना सांगते आणि मी मान डोलावतो. तिच्या यादीत एक मनगटाएवढं रोपटं आहे. मी त्याचं नाव ढिम्म ठेवलंय, कारण सात वर्षं ती त्याला मापाची पट्टी गुंडाळते आणि आकडा हलत नाही. मी म्हणायचो, “सोड त्याचा नाद, मेलंय ते.” ती म्हणायची, “मेलेलं नाही. डोक्यावर थोरला बसलाय ना, उजेड कुठून मिळणार? थांबलंय बिचारं.” थोरला म्हणजे त्याच्या शेजारचा महावृक्ष. दोघांनी हात पसरून कवटाळला तरी कवेत मावत नसे.

आकडे लिहून घेणारा गडी रजेवर होता, म्हणून त्या दिवशी गाडी लावून मीच वही धरली. इथली पद्धत अशी की पट्टी लावणाऱ्याने झाडाचा नंबर आणि सेंटिमीटरमधला घेर ओरडून सांगायचा, लिहिणाऱ्याने तोच परत ओरडायचा, आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय कागदाला पेन लावायचं नाही. दाट रानात माणूस दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो, म्हणून हा नियम.

थोरल्याजवळच्या एका झाडाला पट्टी लावून ती ओरडली, “एकशे चौदा! घेर एक्याऐंशी!” मी परत ओरडायला तोंड उघडलं आणि थोरला पडला. वारा नाही, काही नाही. वेलींच्या ओझ्याने वाकलेला होता, माती भिजून लोणी झालेली, मुळं सुटली. शेजारची चार झाडं घेऊन खाली आला.

आई, मी तिच्या नावाने हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या. उत्तर नाही. समोर पानांचा डोंगर, आत शिरायला वाट नाही. तेव्हा मी मनातल्या मनात बोललो की ही सापडू दे, उद्याच्या उद्या हिला शहरात घेऊन जातो. तुम्हाला शब्द दिलाच होता मी. शहरातल्या त्या टेबलाशी बसून करायच्या नोकरीसाठी तिला राजी करतो, असं तुमच्या स्वयंपाकघरात कबूल केलं होतं.

मग माझी बोबडी वळली आणि तोंडातून काय निघालं तर, “एकशे चौदा! घेर चाळीस!”

पानांखालून आवाज आला, “एक्याऐंशी! चाळीस कुठून काढलास?”

मी ढसाढसा रडलो. रडतच ओरडलो, “एक्याऐंशी!” आणि ती म्हणाली, “बरोबर.” नंतर म्हणाली, “पाय निघत नाहीये माझा.” केंद्रावरच्या माणसांनी फांद्या तोडून तिला बाहेर काढलं. नावाने हाक मारल्यावर ओ का दिली नाहीस म्हणून मी दवाखान्यात विचारलं, तर म्हणते, शुद्धीवर आले तेव्हा कानावर चुकीचा आकडाच पडला.

दवाखान्यातच मी सांगून टाकलं, “आता बस झालं. घरी जायचं, ती नोकरी घ्यायची.” मी भांडणाच्या तयारीत होतो. ती म्हणाली, “बरं.”

एवढंच. मी म्हणेन त्याला बरं. जेव म्हटलं बरं, झोप म्हटलं बरं. तोंड भिंतीकडे. लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य जिने धड पुरं होऊ दिलं नाही, ती आता ब्र काढेना. थोरला पडला तेव्हा घाबरलो नव्हतो इतका या ‘बरं’ला घाबरलो.

ते सहन होईना, म्हणून मी तिथे राहिलेली मापाची पट्टी आणायच्या निमित्ताने रानात जाऊन आलो. आलो तो तिच्या उशाशी बसून म्हणालो, “ढिम्म उभा आहे. जरा खरचटलाय. पण अंगावर ऊन पडलंय त्याच्या.”

ती कोपरावर उठली. “कसलं ऊन? कवडसा की सरळ? किती वाजता गेला होतास? वेली साफ केल्यास का? कुणी तुडवणार तर नाही ना त्याला? तू खुणेची काठी का नाही रोवलीस?” तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थेट नर्सबाई ओरडेपर्यंत. ढिम्म आता भराभर वाढेल म्हणते, आणि ते तिला स्वतःच्या पट्टीने बघायचंय. आई, ऐकताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तर मुद्दा असा, आणि तो मी अख्खं पत्रभर चुकवतोय. नोकरीचा नकार आम्ही लिहिलाय. मसुदा माझा, शुद्धलेखन तिचं. पाकीट टेबलावर आहे, अजून टाकलेलं नाही. तुम्हाला दिलेला शब्द मला परत हवाय. मला भीती वाटत नाही असं नाही, ती रानात गेली की रोजच वाटणार. पण भिंतीकडे तोंड केलेली तुमची लेक मी पाहिलीय, तुम्ही पाहू नये असं वाटतं.

फोन कराल तेव्हा मला वाट्टेल ते बोला, पण शेवटी एकदा ‘बरोबर’ म्हणा. इथल्या नियमाने त्याशिवाय मला काही पक्कं करता येत नाही.

तिचा नमस्कार आणि माझा,
तुमचा फितूर जावई