मिनिटाला चौतीस

ती. भावोजींस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी पाचच अंगं टेकली असं समजावं.) ताईचे गुडघे कसे आहेत? तुमची प्रकृती विचारत नाही. विजेत्यांची चौकशी करायला वर्तमानपत्रं असतात. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

विषय आमचा धाकटा, म्हणजे तुमचा मेहुणा आणि सायकल शर्यतींतला तुमचा पाणक्या. अकरा वर्षं तुमच्या पुढे राहून त्याने वारा अंगावर घेतला, मागच्या गाडीतून बाटल्या आणून तुमच्या हातात दिल्या. (निष्काम कर्मयोग मी तीस वर्षं वर्गात शिकवला; करताना पाहिला तो हाच एक इसम, आणि संस्कृतात त्याला पस्तीसच्या वर गुण कधी पडले नाहीत.) हल्ली तो सायकलच्या दुकानात लहान मुलांच्या सायकलींना आधाराची चाकं बसवतो. गेल्या महिन्यात तिथेच चक्कर येऊन वीसेक सायकलींवर कोसळला. सगळ्या घंट्या एकदम वाजल्या म्हणून मालकाला कळलं तरी. त्याआधी सिग्नलला उभा असताना असाच आडवा झाला होता. तेव्हा दोष बुटाला दिला, पेडलमधून सुटला नाही म्हणून.

दवाखान्यात नेलं. वाटेभर माझ्या पुढे चालला, मला वारा लागू नये म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके मिनिटाला चौतीस. हा खूश! "ऐन उमेदीत एकोणचाळीस होते, बाई. सुधारलोय की!" (ठोके जितके कमी तितकं हृदय दमदार, हे सायकलवाल्यांचं गणित.) त्यांनी समजावलं, हे हृदय आता दमलंय, पेसमेकर बसवला नाही तर एक दिवस बंद पडेल. तर म्हणतो, "यंत्र लावून धावायचं? ती लबाडी झाली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सायकल मना केली आहे. रोज सकाळी जातो.

तुमच्या मोठ्या विजयाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात याचा फक्त कोपर आलाय, तरी चौकट यानेच करून घेतली. त्या दिवशी घाटात तो एकटा पुढे होता, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही निरोप धाडलात: थांब. पाय टेकून उभा राहिला, तुम्ही येईपर्यंत. यावर आपण कधी बोललो नाही. आजही बोलत नाही.

बाकी सर्व क्षेम. (असं लिहायची रीत आहे.)

आपला,
थोरला मेहुणा

ता.क. खरं काम हे. माझं तो ऐकत नाही, ताईचं नाही, डॉक्टरांचं नाही. आजवर हुकूम पाळला तो एकाच माणसाचा. तुम्ही त्याला सांगा, पेसमेकर बसवून घे. कारण देत बसू नका; त्याने तेव्हाही विचारलं नव्हतं.

ता.ता.क. पाकिटावर तुमचं नाव पाहून म्हणतो, "भावोजींचं आहे ना? मग टपाल कशाला, मीच पोचवतो." पुढचं चाक मी माळ्यावर लपवलं होतं, पठ्ठ्याने दुसरं चढवलं. मधे घाट आहे. मी टॅक्सी करून मागे राहतो. (बाटल्या घेतल्या आहेत, चालत्या गाडीतून द्यायच्या कशा, ते मात्र कुणी शिकवलं नाही.) तुम्ही हे वाचत असाल, तर तो दारात उभा आहे. आधी सायकल काढून घ्या. मग पाणी द्या, स्वतःच्या हाताने.