बेलमिरो एक फोन करतो

१९ जून, बुधवार

प्रिय आल्झिरा,

तू बरी असशील. गुडघा कसा आहे? मी ठीक. रक्तदाब आहे तिथेच आहे आणि डॉक्टर सांगतो तरी मीठ मी कमी करत नाही, हेही आहे तसंच. माझ्या नेल्सनची मुलगी आता धरून धरून उभी राहायला लागली. टोमॅटोची रोपं यंदाही सशांनी फस्त केली.

तू दोन रस्ते पलीकडे राहतेस आणि मी तुला टपालाने पत्र पाठवतेय. म्हातारीला वेड लागलं म्हणशील. म्हण. समोर बसून मला हे जमणार नाही. रविवारी जमलं नाहीच.

रविवारी तू दारात उभी होतीस, हातात तो कागद. ‘सप्टेंबरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत आमदार बेलमिरो रेझेंडिस यांच्या विरोधात कोणीतरी उभं राहावं, असं आवाहन आम्ही करतो.’ खाली सह्या. आणि मी काय म्हणाले? “माझे हात पिठात आहेत गं.” होते, गोड पाव मळत होते. पण पिठाच्या हातांनी मी तुझ्याशी तास तास गप्पा मारल्यात. तू म्हणालीस, “मग धू की हात. मी थांबते.” मी म्हणाले, “बेलमिरो घरचा माणूस आहे, आल्झिरा.” तू कागदाची घडी घातलीस आणि गेलीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारातून कॉफी न घेता गेलीस.

तुझं साप्ताहिकातलं पत्र मी चारदा वाचलं. झकास लिहिलंयस. दागिन्यांच्या कारखान्यात मुकादमाला टोमणे मारणाऱ्या चिठ्ठ्या लिहायचीस, तेव्हापासून तुझ्या लेखणीला धार आहे. बत्तीस वर्षं तो आमदार. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आपल्या गावात आपल्या पक्षाला हरवणारा अजून जन्मायचाय, तेव्हा सप्टेंबरात त्याच्यासमोर कोणी नसेल तर आपल्याकडे निवडणूकच होत नाही, हे तू बरोबर मांडलंस. व्यसनमुक्तीच्या सरकारी खाटा वाढवायचं विधेयक अकरा वर्षं त्याच्याच समितीपुढे येतं आणि दर वेळी ‘अधिक अभ्यासासाठी’ बाजूला ठेवलं जातं, हेही. ‘एवढ्या अभ्यासात पोरगं डॉक्टर होतं,’ हे वाक्य वाचून मी एकटीच खो खो हसले. मग खाली तुझ्या लीडियाचा फोटो दिसला आणि पेपर पालथा घातला.

सह्या सतराच झाल्या म्हणे, आणि माझ्या रस्त्यावरची एकही नाही. तुला वाटतं लोक भित्रे आहेत. तसं नाही गं. घरटी एकेक फोन झालाय त्याचा. कुणाच्या जावयाला पालिकेत चिकटवलं, कुणाच्या आईला वृद्धाश्रमात खोली मिळवून दिली, सोझाच्या दारातलं तुंबलेलं गटार एका सकाळीत उपसून घेतलं. “मी एक फोन करतो,” एवढंच म्हणतो आणि काम होतं. पवित्र आत्म्याच्या जत्रेत ॲप्रन बांधून सगळ्यांना सूप वाढतो, पाठीवर थाप मारून “आई कशी आहे?” विचारतो आणि कुणाचं नाव चुकत नाही. वशिला हा शब्द कुणी उच्चारतही नाही, सगळे त्याला माया म्हणतात. मीही म्हणायची.

माझ्या घरात झालेला फोन तुला ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत नेल्सन माझ्या बहिणीकडे फ्लोरिडाला गेलाय, असं मी तुला सांगितलं होतं. तो कुठेही गेला नव्हता. तोही तीच नशा करत होता, लीडिया करायची तीच. न्हाणीघरात निळा पडलेला मला दोनदा सापडला. तू लीडियाचं कधी लपवलं नाहीस. चर्चमध्ये उभी राहून सांगितलंस, मदत मागितलीस. मी लपवलं. लोक काय म्हणतील या एका भीतीपायी मी तुलाही सांगितलं नाही, आणि तू मात्र रोज येऊन मला सांगायचीस, “यादीत तिचं नाव पहिलं आलंय, देओ. पुढची खाट तिची.”

मंगळवारची दुपार होती. बेलमिरो माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसला होता, पुढ्यात सूप. फोनवर पलीकडून कुणीतरी सांगत होतं की एकच खाट रिकामी होतेय आणि ती ठरलेली आहे. “कोणासाठी?” त्याने विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आल्झिरा मेडेरोसची मुलगी? तिची आई खंबीर आहे हो, आठवडाभर सांभाळेल. तिला पुढच्या खेपेला घ्या. याला आज घ्या.” फोन ठेवला आणि मला म्हणाला, “झालं, देओ. पोराची बॅग भर. आणि हे बघ, कुठे बोलायचं नाही.”

मी शेगडीपाशी उभी होते. शब्द न शब्द ऐकला. ‘नको’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी त्याला आणखी सूप वाढलं.

लीडिया सहाव्या दिवशी गेली.

तुझ्याकडे आले तेव्हा तू मला धरून एकच विचारत होतीस, “पहिलं नाव होतं गं तिचं, मग झालं काय?” मी म्हणाले, “देवाची मर्जी.” आल्झिरा, मी देवाचं नाव पुढे केलं. अंत्ययात्रेसमोर पोलिसांच्या दोन मोटारसायकली होत्या, त्याही बेलमिरोने फोन करून मिळवल्या होत्या. तू त्याला आभाराचं कार्ड लिहिलंस आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलंस. मी टाकलं. तोंडात गुळणी धरून घरी आले आणि तीन वर्षं तशीच राहिले.

तो राक्षस नाही. नेल्सनसाठी त्याचा जीव खरंच तुटत होता, मी पाहिलंय. पण खाटा पुरेशा झाल्या तर त्याच्या फोनला कोण विचारणार? एवढी साधी गोष्ट मला तुझं पत्र चौथ्यांदा वाचताना कळली. लाज वाटली.

काल नेल्सनला सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मुलीला कडेवर घेऊन तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, “लीडियाने मला सायकल शिकवली होती, आई.” आणि विचारलं, “आल्झिरामावशीकडे तू जातेस की मी जाऊ?” मी म्हटलं, आधी माझं पत्र जाऊ दे.

तुझ्या आवाहनाखाली माझं नाव घाल. हे पत्रही छाप हवं तर, नेल्सनला चालणार आहे. लोक माझ्या तोंडात शेण घालतील, घालू देत. क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढं ओझंही तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

आता सगळ्यात अवघड. मी स्वतःला रोज विचारते, तो मंगळवार पुन्हा आला तर? पोरगा मरायला टेकलेला, समोर बेलमिरो, त्याच्या कानाला फोन. लीडिया मला पोटच्या मुलीसारखी होती. तरी मी ‘नको’ म्हणेन, असं मला शपथेवर सांगता येत नाही. कुठल्याच आईला येणार नाही. म्हणून माझ्या चांगुलपणावर विसंबू नकोस आणि त्याच्याही नको. कुणाचं पोर थांबेल हे ज्याला फोनवर ठरवता येतं, त्याला घरी बसव. सोमवारपासून उमेदवारीचे अर्ज घेणार आहेत. दुसरं कोणी पुढे येत नसेल तर तू उभी राहा.

जिच्या मुलासाठी तुझ्या मुलीला थांबवलं, ती
देओलिंडा